कशेळ्याची दहावी सही

३ ऑक्टोबर

वि.चा फोन आला, सात महिन्यांनी. सकाळी साडेआठला. मी पोहे परतत होते. "सुमे, उठलीस का गं?" म्हणाली. कुलगुरू झाल्यापासून तिला वाटतं की तिचा फोन आल्याशिवाय गावाला जाग येत नाही. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी वाटतंच आहे.

बातमी अशी की विजूबाई निवडणुकीला उभ्या राहतायत. विधान परिषद, पदवीधर मतदारसंघ. "पदवीवाल्यांनीच मत द्यायचं, म्हणजे आपल्यासारख्यांचंच काम," म्हणाली. आपल्यासारख्यांचं म्हणे. कर्जत-खालापूरची मतदार नोंदणी मी बघायची. "तुझे विद्यार्थी घराघरांत आहेत, सुमे. हे दुसऱ्या कुणाला जमणार नाही." हे ती विद्यापीठात शिपायालाही असंच सांगत असणार, म्हणून तर सगळे राबायचे.

हो म्हणून बसले. पोहे खालून लागले. यांनी निमूट खाल्ले.

४ ऑक्टो.

यांनी विचारलं, "आपलं नाव आहेच ना त्या यादीत? मागच्या वेळी मत दिलं होतं आपण." सांगितलं, ही यादी दर वेळी कोऱ्या पाटीवर लिहितात. जुनी नावं बाद. प्रत्येकानं पुन्हा अर्ज द्यायचा, पुन्हा डिग्रीची झेरॉक्स जोडायची.

"म्हणजे साजगावच्या कारखान्यात तेहतीस वर्षं लॅब सांभाळली, तरी मी बी.एस्सी. आहे हे परत दाखवायचं?" यांना गंमत वाटली. मला काही वाटली नाही. कपाटातून दोघांच्या डिग्र्या काढून ठेवल्या. माझीला वाळवी लागली नाही हे नशीब.

१२ ऑक्टो.

काळूराम पत्रकांचा गठ्ठा घेऊन आला. माझा जुना विद्यार्थी, भूगोलाचा. त्याच्या ठाकूर आदिवासींच्या वाडीतला पहिला पदवीधर, आता आश्रमशाळेत शिक्षक. पायातली चप्पल अजून गेटबाहेर काढतो, कितीदा सांगितलं तरी.

पत्रक गुळगुळीत, रंगीत. 'कशेळ्याच्या मातीतून विधान परिषदेकडे'. आत सगळी चढण: अधिव्याख्याता, प्राध्यापक, विभागप्रमुख, अधिष्ठाता, कुलगुरू. प्रत्येक पायरीला एक फोटो आणि प्रत्येक फोटोत साडी आणखी भारी. परदेशदौरा एकच, पण तीन ठिकाणी छापलाय. ज्या वर्षी तिच्या विद्यापीठाचे निकाल लटकले होते, मुलं तिच्या ऑफिसबाहेर ठिय्या देऊन बसली, तेव्हा ही खाली येऊन त्यांच्यात मांडी घालून बसली आणि चहा प्याली. तो फोटो तेव्हा सगळीकडे आला होता. निकाल त्यानंतर महिन्यानं लागले. पत्रकात चहा आहे, निकाल नाहीत.

आणि पहिल्या पानावर ठळक: 'कशेळ्याची पहिली पदवीधर कन्या'.

ती ओळ चार वेळा वाचली. काळूराम समोर, "छान झालंय ना, मॅडम?" म्हणत होता. छान झालंय म्हटलं. त्याला लाडू दिला.

१३ ऑक्टो.

डोक्यातून जात नाही, तर लिहूनच टाकते.

आम्ही दोघी कशेळ्याच्या. एका बाकावरच्या. कॉलेजला कर्जतला एकाच एस.टी.नं, एस.टी. चुकली तर जीपमध्ये मागे लटकून. बी.ए.ला मी एप्रिलची परीक्षा देऊन जूनमध्ये पास झाले. वि.चा एक पेपर राहिला. ती ऑक्टोबरला सुटली. कशेळ्यात कुणाला कळलं नाही, कारण मी सांगितलं नाही. तिचे आप्पा तापट होते, शिक्षण बंद करून लग्न लावून दिलं असतं. तेव्हा तिनं माझा हात धरून ठेवला होता, चांगला घामेजलेला. पेढे दोन्ही घरचे एकाच दिवशी वाटले.

म्हणजे पहिली मी. चार महिन्यांनी का होईना. आता छापून आलं ते आलं.

१९ ऑक्टो.

दिवसभर मकबूलभाईंच्या झेरॉक्सच्या दुकानात. स्टेशनजवळ आहे, लोकांना बरं पडतं. मकबूलभाईंचं मूळ गाव श्रीवर्धनकडे, पण बोलतात कर्जतकरांहून कर्जती. खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे फिरवला. येणाऱ्याचा फॉर्म तपासायचा, डिग्रीच्या झेरॉक्सवर सही घ्यायची, क्रमानं लावायचं. ही कामं मला आवडतात हे कबूल केलं पाहिजे. शिकवलेली मुलं टक्कल घेऊन येतात आणि "मॅडम, ओळखलंत का?" विचारतात.

एकानं विचारलं, "तुम्हीच का नाही उभ्या राहत?" सगळे हसले. मीही हसले.

मकबूलभाई संध्याकाळी म्हणाले, "मॅडम, समद्यांचं झालं, तुमची डिग्री कवा आणताय झेरॉक्सला? मशीन गरम हाय तवर करून टाकू." उद्या आणते म्हटलं.

२७ ऑक्टो.

यांचा फॉर्म दिला. माझा पिशवीत आहे.

दुपारी जुनी ट्रंक उघडली. झऱ्यांच्या वह्या. एम.ए.च्या सुट्टीत आम्ही दोघींनी कशेळ्यापासून वरच्या वाड्यांपर्यंतचे झरे पायी फिरून नोंदवले होते. कुठल्या झऱ्याला चैत्रात पाणी राहतं, कुठला माघातच आटतो, बायका किती उतरून जातात. कर्जतहून येताना एकदा रेल्वेच्या फाटकात गँगमनच्या बायकोनं नाचणीची भाकरी घातली होती. बारा वह्या, सगळं अक्षर माझं. वि.ला लिहायचा कंटाळा. ती बोलायची, लोकांकडून काढून घ्यायची, हे तिला तेव्हाही यायचं.

मग मला कर्जतच्या कॉलेजात नोकरी लागली, लग्न ठरलं. पीएच.डी. पुढच्या वर्षी करू म्हटलं. तिनं वह्या मागितल्या, मी दिल्या. तिचा प्रबंध झाला, त्यावर प्राध्यापकी मिळाली, त्यावर पुढचं सगळं. प्रबंधाच्या सुरुवातीला आभार आहेत. गाईडचे, आप्पांचे, ग्रंथपालाचे. शेवटून दुसरी ओळ: 'रानवाटांवर सोबत केल्याबद्दल मैत्रीण सुमन हिची ऋणी आहे.'

सोबत. कुत्रंसुद्धा सोबत करतं.

अकरा वह्या परत आल्या. एक तिच्याकडेच आहे, मागितली नाही. ट्रंकला आता नवी कडी लावायला हवी, जुनी गंजलीय.

६ नोव्हेंबर

नोंदणीचा शेवटचा दिवस. तहसील कचेरीत गठ्ठे देऊन आले. पावती घेतली. वि.ला फोन केला, ती म्हणाली, "राणी आहेस माझी." मागे कुणीतरी तिला 'मॅडम, गाडी' म्हणत होतं.

सगळ्यांचे दिले. माझा पिशवीत राहिला. राहिला म्हणजे ठेवला. इथं खोटं कशाला लिहू.

दुसऱ्या कुणाला मत देणार होते असं नाही. फक्त माझं मत तिला मिळू नये, एवढंच. सगळ्या तालुक्याची मतं मी तिला ओंजळीनं आणून दिली, त्यातलं एक मागं ठेवलं. तिला कधी कळणारही नाही. घरी येऊन फॉर्मचे चार तुकडे केले आणि चुलीच्या, म्हणजे गॅसच्या, ओट्याखालच्या डब्यात टाकले. बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. मग पालेभाजी निवडली.

४ जानेवारी

यादी आली. आमच्या भागात यांचं नाव सापडलं. त्याच्याखाली माझं असायचं, तिथं कुणी सुनंदा नावाची बाई. किती वेळ त्या जागेकडं बघत होते. हे म्हणाले, "आपली नावं आहेत ना?" मी म्हटलं, "तुमचं आहे." ते पेपर वाचत होते, अर्धंच ऐकलं.

१७ फेब्रु.

वि. कर्जतला. हळदीकुंकवाच्या निमित्तानं बायकांचा मेळावा. मी पुढच्या रांगेत, तिनंच बसवलं. वजन वाढलंय, पण तिला शोभतं. मला तेवढंच वाढलं तर डॉक्टर ओरडतो.

स्टेजवर काय बोलावं बाईनं? "आमी कशेळ्याच्या पोरी. आमाला कुनी शिकिवलं नाय, आमी शिकलो." टाळ्या. आणि मी? नोकरीच्या पहिल्या वर्षी वर्गात 'हाय' म्हणाले म्हणून मुलं महिनाभर मला 'हायबाई' म्हणायची. आरशासमोर उभं राहून 'आहे, आहे' म्हणत बसायचे. तोंड घासून घासून मी ती बोली धुऊन काढली. ही तीस वर्षं विद्यापीठात जड जड शब्द बोलली आणि आता तीच बोली दागिन्यासारखी घालून आली. घरी गेल्यावर काढून ठेवेल.

निघताना गाडीतून हात बाहेर काढून माझा गाल ओढला. "सुमे, तू आहेस म्हणून हाय गं मी." सगळ्यांनी बघितलं. मला लाज वाटली आणि आवडलंही. दोन्ही एकदम कसं होतं कोण जाणे.

९ मे

निवडणूक लागली. आज काळूराम आला.

उमेदवारी अर्जावर दहा सूचक लागतात. दहाही याच यादीतले मतदार हवेत, एकसुद्धा कमी पडला तर छाननीत अर्ज बाद. लोक तीन-चार अर्ज भरून ठेवतात, सह्या वेगवेगळ्या, म्हणजे एक गेला तर दुसरा. पण वि.ची कल्पना वेगळी. एकच अर्ज. दहाच सह्या. दहा गावांतल्या, वाड्यांतल्या पहिल्या पदवीधरांच्या. पेपरात आधीच देऊन ठेवलंय: 'दहा गावांची पहिली दहा माणसं'. कुलगुरू असतानाही असंच करायची, एका दगडात फोटो आणि काम.

काळूराम म्हणाला, "मॅडम, माझ्या वाडीचं नाव असल्या कागदावर पयल्यांदाच येतंय. आईला दाखवलं मी. तिनं अंगठा लावू का विचारलं." मग अर्ज पुढे केला. नऊ सह्या झालेल्या, दहावी जागा रिकामी. बाजूला पेन्सिलीनं 'कशेळे'.

स्वतःला स्वतःची सूचक होता येत नाही, म्हणून कशेळ्याला मी. दुसऱ्या नंबरची पहिली.

तेव्हाच सांगायचं होतं. काळूराम, माझं नाव यादीत नाही रे. एवढंच. पण मग तो विचारणार, का नाही? नोंदणी तर तुम्हीच केलीत सगळ्यांची. मकबूलभाईंना कळणार, तहसीलात कळणार, यांना कळणार. एका बाईनं साऱ्या तालुक्याचे फॉर्म भरले आणि आपला नाही भरला, ह्याचा अर्थ काय ते पोरालाही कळेल.

"मॅडम, यादीतला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक?" काळूरामानं विचारलं.

"लिहिते मी," म्हटलं. आत जाऊन मागच्या निवडणुकीची चिठ्ठी काढली आणि तिच्यावरचा नंबर लिहिला. सही केली. अक्षर नेहमीसारखंच चांगलं आलं. खोटं लिहिलं असं नाही, जुनं लिहिलं. हे मी स्वतःला संध्याकाळपासून सांगतेय.

१० मे

२० तारखेला, अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी, बेलापूरला आयुक्तांच्या कचेरीत जाऊन भरणार आहे ती. मुहूर्त काढलाय म्हणे दुपारी दीडचा. विज्ञानवादी भाषणं करणारी बाई. तीन वाजता मुदत संपते. दुसऱ्या दिवशी छाननी.

म्हणजे २० ला तीनपर्यंत मी काही बोलले नाही तर तिचा अर्ज बाद. साधं गणित आहे. मी दहा वेळा करून बघितलं. तिची सगळी चढण माझ्या एका नंबरपाशी येऊन थांबेल. अधिष्ठाता, कुलगुरू, सगळं. आणि कुणी म्हणणार नाही की मी मुद्दाम केलं. चूक झाली म्हणतील, वय झालं म्हणतील.

वाईट याचं वाटतं की हे सुचल्यावर मला भूक लागली. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

१२ मे

मकबूलभाईंकडं दळणाच्या पिशवीचा बंद शिवायला (त्यांची बायको शिवते) गेले होते. म्हणाले, "मॅडम, ते सूचकांचं वाचलं पेपरात. तुमचंबी नाव हाय." मग थोडं थांबून, "मी समद्यांच्या डिग्र्या काढल्या, तुमची तेवढी आठवत नाय मला. दुसरीकडं केली असाल."

"घरी केली," म्हटलं. आमच्या घरी झेरॉक्सचं मशीन नाही हे त्यांना माहीत आहे. ते मशीन पुसत राहिले. पिशवीचे पैसे घेतले नाहीत.

१६ मे

कशेळ्यात सभा झाली. बाजाराच्या मैदानात, मांडव घालून. ऊन मरणाचं, तरी माणसं आली होती. खालच्या गावांतली, वरच्या वाड्यांतली, जीपा भरून.

काय घडलं ते जसंच्या तसं लिहिते.

वि. उभी राहिली. मधे कुणीतरी माईकवरून 'कशेळ्याची पहिली पदवीधर कन्या' असं म्हणालं होतं. तिनं माईक हातात घेतला आणि म्हणाली, "आधी एक दुरुस्ती करते. ते पत्रकात छापलंय ते चुकीचं हाय, मी बघितलं नव्हतं. पयली पदवीधर मी नाय. ती बसलीय बगा पुढं, सुमन. ती जूनला पास झाली. माजा एक पेपर उडाला होता. मी ऑक्टोबरात सुटले. तिनं कुनाला सांगितलं नाय, नायतर आप्पांनी माझं लगीन लावलं असतं आन् मी आज तुमच्यापुढं नसते."

सगळं मैदान माझ्याकडं वळलं. कुणीतरी मला उभं केलं. टाळ्या वाजत होत्या. मला पदर सापडेना.

किती वर्षं वाट बघितली मी या वाक्याची. आणि आलं तेव्हा कुठं आलं? अर्जावर सही करून सात दिवस झाल्यावर.

१७ मे

रागच येतोय. काल डोळ्यांत पाणी आलं, आज राग. तिला खरं बोलायलासुद्धा जमतं, आणि त्याच्याही टाळ्या घेता येतात. नापास झाल्याच्या टाळ्या. मी पास झाले तेव्हा मला कुणी वाजवल्या नव्हत्या.

आणि खरंच पत्रक बघितलं नव्हतं का तिनं? सात महिने? पत्रकाचा कागदसुद्धा तिनं स्वतः निवडला असणार.

की सभेसाठी राखून ठेवलं होतं? मला कळेनासं झालंय. मी तिच्याबद्दल चांगलं धरलं की आपण बावळट वाटतो, वाईट धरलं की आपण वाईट.

तिच्या कबुलीला टाळ्या पडल्या. माझ्या कबुलीला काय पडेल ते मला माहीत आहे.

१८ मे

सकाळी काळूरामचा फोन. "मॅडम, परवा सहाला टेंपो ट्रॅव्हलर येणार, आधी तुमाला घ्यायचं का शेवटी?" बी.पी.चं निमित्त सांगितलं. सही झालीच आहे, मी कशाला. हिरमुसला. म्हणाला, "तुमी नसाल तर मग फोटोत नऊच जण दिसतील."

त्याच्या आईनं नवं लुगडं आणलंय फोटो बघायला. ती जाणार नाही, फक्त फोटो बघणार, तरी लुगडं.

त्याचाही अर्ज आहे तो. हे आजवर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. नऊ जणांची नावं माझ्याबरोबर बुडणार.

१९ मे

मनात म्हटलं, आज सांगू. सकाळी पाणी आलं, ते भरलं. मग गॅसवाला. मग ह्यांची बहीण खोपोलीहून आली, जेवून चारला गेली. मग वि.ला फोन लावला. दोनदा वाजू दिला आणि ठेवला.

तिचा उलट फोन आला नाही. एवढी धावपळ असेल.

२० मे, सकाळी

ट्रॅव्हलर सहाला खालून गेली. खिडकीतून बघितली. नऊजण आत, पुढं फुलांचा हार बांधलेला. काळूराम पांढऱ्या शर्टात. त्यानं वर बघून हात केला, मी पडद्यामागं झाले.

नऊ वाजले. दहा वाजले. भाजी चिरली ती काळी पडली.

हे म्हणाले, "बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, बी.पी. म्हणाले, "मशीन आणू?" मशीन आणलं, पट्टा बांधला. एकशे वीस-ऐंशी. ते बघून हे म्हणाले, "माझ्याहून बरं आहे की." मला तेव्हा हसू आलं, आणि हसता हसता रडू.

मग केला फोन. सव्वादहा. मागं ढोल वाजत होते.

"विजू, तो अर्ज देऊ नकोस. माझं नाव यादीत नाही."

"कुठल्या यादीत? ऐकू येत नाय गं."

"पदवीधरच्या. मी लिहिलेला नंबर मागच्या वेळचा आहे."

ढोल लांब गेले. बाजूला गेली असणार. मग एकदम तिच्या बिनमाईकच्या आवाजात, जो फक्त मला माहीत आहे:

"फॉर्म भरायचा विसरलीस?"

केवढी सोपी वाट करून दिली होती तिनं. नुसतं हो म्हणायचं. तालुक्याचे फॉर्म भरताना स्वतःचा राहिला, बिचारी सुमन. लोकांनी कौतुकच केलं असतं. पण कशेळ्याच्या मैदानात ऑक्टोबर तिनं सांगितला तेव्हा तिला कुणी विचारलं नव्हतं. मला तर ती विचारत होती.

"नाही," म्हटलं. "भरलाच नाही."

"का?"

"तुला माझं मत द्यायचं नव्हतं."

नुसता श्वास ऐकू येत होता, तिला दम्याचा त्रास आहे लहानपणापासून. मग "बरं" म्हणाली आणि फोन बंद.

मागं वळले तर हे दारात. हातात बी.पी.चं मशीन. सगळं ऐकलं होतं. त्यांनी मशीन डब्यात ठेवलं, वायर नीट गुंडाळली, आणि चहा टाकला. साखर जास्त पडली.

मला वाटलं, झालं. दहा माणसं तिला तिथं दहा मिनिटांत मिळतील, गेटवर नुसत्या पदवीधरांचा घोळका असेल. नवा अर्ज, नव्या सह्या, काम संपलं. तिचं काही अडणार नाही. अडलं ते माझंच.

पावणेअकरा. पुन्हा फोन. या वेळी तिनं केला.

"भाऊजींचं नाव आहे ना यादीत?"

"आहे. फॉर्म मीच भरला होता."

"त्यांना घेऊन ये. नऊ जण इथं परत सह्या करतायत. दहावी जागा तशीच ठेवलीय."

"अगं, तिथं कुणीही चालेल."

"मला नाय चालणार. कशेळं पायजे कागदावर. कशेळ्याचा पयला पदवीधर जावई म्हणून घेते त्यांना." हसली नाही. मला तरी ऐकू आलं नाही. "तीनच्या आत. गाडी बघ."

"मकबूलभाईंची व्हॅन सांगते. हे येतील."

"आणि तू?"

"मी कशाला आता?"

"सोबत," म्हणाली, आणि ठेवला.

शब्द माझ्या तोंडावर मारला की पुढं केला, समजलं नाही. तिला आठवत असेल का ती ओळ? आभाराची? की मी एकटीच ती ओळ जपून ठेवून बसलेय इतकी वर्षं? तिचा आवाज मला ओळखता येतो असं वाटायचं. आज येईना.

मकबूलभाईंना फोन केला. काय झालं विचारलं नाही त्यांनी. "दुकान बंद करून येतो," एवढंच म्हणाले.

अकरा वाजून दहा. चौक गावापासून पुढं रस्ता मोकळा मिळाला तर एकला पोचतील, नाहीतर देव जाणे. यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. डिग्रीची झेरॉक्स खिशात घेतली, लागणार नाही म्हणून सांगितलं तरी. म्हणाले, "राहू दे. इतक्या वर्षांनी कुणीतरी विचारतंय."

खाली व्हॅन आली. मकबूलभाईंनी दोनदा हॉर्न दिला. हे जिन्यात उभे आहेत, खाली बघून "आलो" म्हणतायत.

चप्पल घातलीय मी. वही तेवढी मिटायची राहिलीय.